पानशेत, १९६१ : हातात असलेली एक रात्र

पावसाळ्यात पैनगंगेच्या काठावरच्या माणसाला आपल्या शिवारातल्या पावसापेक्षा वरच्या धरणाची काळजी जास्त. तिकडे मेहकर तालुक्यात पेनटाकळी प्रकल्पाची दारं उघडली की इकडे रिसोड तालुक्यातल्या गावांमध्ये फोन वाजायला लागतात. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज येतो: विसर्ग सुरू, इतके क्युमेक, नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावे. आता या क्युमेकचं, म्हणजे सेकंदाला किती घनमीटर पाणी सुटतंय या आकड्याचं, शेतकऱ्यानं करायचं काय? नदीवरची मोटर काढायची की राहू द्यायची, गुरं सोडायची की नाही, सकाळची एसटी पुलावरून जाईल का, यातलं काहीएक त्या मेसेजात नसतं. सतर्क राहणं म्हणजे रात्रभर ओट्यावर बसून राहणं, एवढंच लोकांना कळतं.

धरणावर जे कळलंय ते खालच्या घरात कधी आणि कोणत्या शब्दांत पोचतं, यावर माणसं वाचणं-न वाचणं ठरतं. महाराष्ट्राला याचा सगळ्यात मोठा दाखला १२ जुलै १९६१ रोजी पुण्यात मिळाला. पानशेतची गोष्ट बहुतेकांना 'धरण फुटलं, पुणं बुडालं' एवढीच माहीत असते. ती तासांच्या हिशेबानं वाचली की वेगळीच दिसते.

जूनअखेर ते १० जुलै

पुण्यापासून चाळीसेक किलोमीटरवर, पश्चिमेच्या डोंगरात, आंबी नदीवर पानशेतचं मातीचं धरण बांधणं चालू होतं. काम संपलेलं नव्हतं, तरी त्या पावसाळ्यात पाणी अडलं. पाऊसही असा लागला की तीन आठवड्यांत सुमारे १७७८ मिलिमीटर. आपल्या वाशीमला अख्ख्या पावसाळ्यात साधारण याच्या निम्मा पडतो, यावरून अंदाज करा. जलाशयाची पातळी बारा दिवसांत २४ मीटर चढली.

मातीच्या नव्या धरणात पाणी दमादमानं भरायचं असतं. थोडं चढवायचं, भराव बसू द्यायचा, पाझर कुठून निघतोय ते बघायचं आणि मग पुढे जायचं. इथे चढणारं पाणी आवरायचं म्हटलं तरी वाट एकच होती, भरावाखालून गेलेली विमोचकाची, म्हणजे पाणी बाहेर सोडायची, मोरी. तिची दारं चालवण्याची व्यवस्था अर्धवट, आणि मोरीच्या बांधकामात जिथे सळईचं काँक्रीट हवं होतं तिथे सळईच नव्हती. पुढे सगळा दोष या सळईवर येऊन थांबला. ते खरंही आहे. पण अर्धवट धरणात ऐन पावसाळ्यात पाणी साठवायचा निर्णय काही सळईनं घेतलेला नव्हता.

मंगळवार, ११ जुलै

मोरीतून पाणी सरळ वाहत नव्हतं. ते धक्के देत, दाब कमी-जास्त करत जात होतं. वर हजारो टन ओली माती, खाली हा मार. मोरीच्या डोक्यावरचा भराव बसायला लागला आणि धरणाच्या लांबीला काटकोनात भेगा गेल्या. साधारण ९ मीटर रुंदीचा पट्टा खचत होता. एका टप्प्यावर अडीच तासांत माथा १.४ मीटर खाली गेला आणि पाणी व माथा यांच्यात उरलं जेमतेम ०.६ मीटर, म्हणजे दोन फूट. मातीच्या धरणावरून पाणी वाहू लागलं की ते धरण संपलं, हे कोणत्याही पाटबंधारे अभियंत्याला सांगावं लागत नाही.

११ जुलै, संध्याकाळ ते पहाट : साधारण बारा तास

लष्कराला बोलावलं गेलं. जवान धरणावर आले आणि वाळूची पोती रचायला लागले. मुसळधार पाऊस, डोंगरातला अंधार, पायाखाली चिखल. भिजलेलं पोतं खांद्यावर घेऊन खचत्या माथ्यावर जायचं, ते नीट बसवायचं आणि पुढच्यासाठी मागे फिरायचं. पोत्यांचा एक थर लागला की खालचा भराव तेवढाच बसलेला. पाणी वर येत होतं, धरण खाली जात होतं आणि या दोहोंच्या मध्ये ही माणसं रात्रभर उभी होती. आपण उभे आहोत तीच जमीन कधीही जाऊ शकते, हे त्यांना ठाऊक नसेल असं मला वाटत नाही.

त्यांनी धरण वाचवलं नाही. पण फूट अंधारातून उजेडात ढकलली. हेच पाणी पहाटे तीनला पेठांमध्ये शिरलं असतं तर काय झालं असतं याची कल्पना करवत नाही. त्या पुरात सर्वांत जास्त जीव कुणी वाचवले असं विचारलं, तर माझं उत्तर शहरातल्या कुणाचं नाही, पोती वाहणाऱ्या या जवानांचं आहे.

आणि पुणं? पुण्यानं त्या रात्री जेवणं उरकली, दारं लावली आणि झोप घेतली. शहर किंवा निदान नदीकाठच्या पेठा रिकाम्या करण्याचा आदेश रात्री निघाला नाही. धरणावर लष्कर बोलावण्याइतकी परिस्थिती गंभीर होती, पण लोकांना उठवण्याइतकी नव्हती, असा त्याचा अर्थ होतो. अशा वेळी कचेऱ्यांमधून एक युक्तिवाद हमखास पुढे येतो, की सांगितलं तर घबराट माजेल. माजते, खरं आहे. पण घबराटलेला माणूस कोरड्या जागी उभा असतो, आणि दुसऱ्या दिवशी साहेबांना शिव्या द्यायला जिवंत असतो.

बुधवार, १२ जुलै, सकाळी सात-साडेसात

पानशेत फुटलं. २१ कोटी घनमीटरच्या घरात क्षमता असलेल्या जलाशयाला दरीची वाट मोकळी मिळाली. खाली मुठा नदीवर खडकवासला, १८७९ मध्ये पुरं झालेलं दगडी धरण. ते आधीच काठोकाठ भरलेलं आणि दारं जवळजवळ पूर्ण क्षमतेनं सुटलेली. देशातलं पाणी आणि वीज संशोधनाचं केंद्र याच खडकवासल्याला आहे. पाण्याच्या वागणुकीचा अभ्यास करणारी एवढी मोठी संस्था त्या पाण्याच्या वाटेवर होती, हा योगायोग मला नेहमी बोचतो.

सकाळ, आठ ते अकरा

पानशेतचं पाणी खडकवासल्यात आलं आणि सुमारे १.४ किलोमीटर लांबीच्या भिंतीवरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, २.७ मीटर उंचीनं वाहायला लागलं. ब्याऐंशी वर्षांची भिंत लोंढ्याच्या माऱ्यानं थरथरत होती, अशी नोंद आहे. ती भिंत टिकण्याचा प्रश्न आता काही तासांचाच होता. त्या काही तासांत पुण्यात मुठा चढत गेली.

बातमी आता शहरात होती, पण ती कुणाच्या घरी कशी पोचली याला धरबंध नव्हता. कुणी सायकलवरून ओरडत गेलं, कुणाला शेजाऱ्यानं सांगितलं, कुणाला पाण्यानंच. त्यातच पूर बघायला पुलांवर गर्दी. हसू नका, आपल्याकडेही पूर आला की निम्मं गाव पुलावर असतं. सवयीचा पूर पायरी-पायरीनं चढतो, देवळाच्या ओट्यापर्यंत येतो आणि परततो. काठावरच्या लोकांची मोजपट्टी तीच. मागच्या पुराला आलं नाही, म्हणजे आत्ताही येणार नाही, या भरवशावर माणसं घरात थांबली. म्हाताऱ्यांना माडीवर बसवलं, धान्य फळीवर ठेवलं. नेहमीच्या पुराला हे पुरलं असतं. हे पाणी नेहमीचं नाही, एवढं एक वाक्य सरकारी तोंडातून रात्री निघायला हवं होतं.

दुपार

पाणी भिंतीवरून वाहू लागल्यापासून चार तासांच्या आत खडकवासलाही फुटलं. आता पानशेतच्या पाण्यात खडकवासल्याचं पाणी मिळालं. नारायण पेठ, शनिवार पेठ, कसब्याचा नदीकडचा भाग, पुलाची वाडी, डेक्कन, शिवाजीनगरचा सखल भाग पाण्याखाली गेला. लकडी पूल, नवा पूल दिसेनासे झाले. बंडगार्डनचा सोडला तर शहरातले पूल पाण्याखाली होते, त्यामुळे अलीकडचे अलीकडे, पलीकडचे पलीकडे.

जुन्या वाड्यांचं मरण वेगळंच होतं. लाकडी सांगाडा आणि आत मातीच्या भिंती. पाणी आलं तेव्हा ते उभे होते. भिंतींनी पाणी पिऊन घेतलं आणि बाहेरचा आधार ओसरल्यावर त्या बसल्या. म्हणून पूर उतरतानाही घरं पडत राहिली. पुरानंतर मातीच्या घरात लगेच शिरू नये असं आपल्याकडची जुनी माणसं सांगतात, ते याचमुळे.

संध्याकाळ आणि नंतर

पाणी ओसरलं आणि नळ कोरडे पडले. पुणं खडकवासल्याचंच पाणी पीत होतं. बुजत चाललेले वाड्यांतले आड उपसून वापरात आले. पुढच्या दिवसांत 'पाणी आलं, पाणी आलं' अशा आरोळ्या उठत आणि माणसं वाट फुटेल तिकडे पळत. आदल्या रात्री वेळेवर न मिळालेली सूचना आता भलत्या वेळी, खोटी होऊन येत होती. एकदा सरकारी शब्दावरचा विश्वास उडाला की अफवेचं राज्य येतं.

मृतांच्या आकड्यावर आजही एकमत नाही; अंदाज हजारापर्यंत जातात. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाणांनी पुनर्वसनाचं काम स. गो. बर्वे यांच्याकडे दिलं. पत्र्याच्या अर्धगोल निसेन हट उभ्या राहिल्या, गोखलेनगर, लोकमान्यनगर वसलं. पुण्यातल्या काही सोसायट्यांच्या नावात 'पूरग्रस्त' हा शब्द अजून आहे. चौकशी आयोग नेमला गेला. न्यायमूर्ती बावडेकर यांचा चौकशी चालू असतानाच मृत्यू झाला आणि काम न्यायमूर्ती नाईक यांच्याकडे गेलं. पानशेतचं धरण पुन्हा बांधलं गेलं, आज त्याच्या जलाशयाला तानाजीसागर म्हणतात.

त्यानंतर आपण शिकलो का? २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं आणि वीसएक माणसं वाहून गेली. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. मंत्र्यांनी खेकड्यांना दोष दिला, हे सगळ्यांनी ऐकलं आहे.

बरं, पूर मोजायची आणि इशारा द्यायची साधनं असली म्हणजे भागतं असंही नाही. ऑस्ट्रेलियातल्या लिस्मोर गावात नदीची पातळी मीटरमध्ये लोकांच्या तोंडपाठ असते, पूर तिथे जुना पाहुणा. २८ फेब्रुवारी २०२२ ला गाव सोडण्याचे आदेश होते, पण पाणी अंदाजाच्या पुढे गेलं. १९५४ चा १२.२७ मीटरचा विक्रम मोडून ते १४.४ मीटरला पोचलं. ज्यांनी जुन्या खुणेवर विसंबून माळा गाठला, त्यांना छप्पर फोडून वर यावं लागलं. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या लहान होड्यांनी कित्येकांना काढलं. पेठांमधल्या माणसांचा आणि लिस्मोरकरांचा भरवसा एकच होता: मागच्या पुराची खूण.

म्हणून पैनगंगेच्या, अडाणच्या, अरुणावतीच्या काठावरच्या वाचकांना एक विनंती. मेच्या ग्रामसभेत पाटबंधारे खात्याच्या माणसाला बोलवा आणि दोनच प्रश्न विचारा. वरचं दार पूर्ण उघडलं तर आपल्या पुलावर पाणी किती तासांनी येतं? आणि धरणालाच धोका झाला, तर गावात कुठपर्यंत येतं? उत्तर क्युमेकमध्ये घेऊ नका. शाळेची पायरी, मारुतीचा पार, अमक्याचा गोठा, अशा खुणांमध्ये घ्या आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर ऑइलपेंटनं लिहून ठेवा. रात्री माणसं कुणी उठवायची, त्या दोघा-तिघांचे फोन नंबरही तिथेच लिहा.