विषाणूची साथ, जिवाणूची गोळी आणि आपली वस्ती

कोरोनाच्या साथीच्या इतिहासात टाळ्या-थाळ्या आहेत, ऑक्सिजनच्या रांगा आहेत, हमरस्त्याने पायी निघालेले मजूर आहेत. पण त्या काळात घराघरांत पोहोचलेल्या एका गोळीचा इतिहास फारसा कोणी सांगत नाही. ती गोळी म्हणजे अ‍ॅझिथ्रोमायसिन. पाचशेची, दिवसाला एक, तीन किंवा पाच दिवस. ताप आला, घसा धरला की डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ती असायचीच. चिठ्ठी नसली तरी मेडिकलवाला द्यायचा.

आमचा मुद्दा सरळ आहे. ही गोळी जिवाणूंवर चालते, विषाणूंवर चालत नाही. कोरोना हा विषाणू. मग ही गोळी कोट्यवधींच्या पोटात का गेली, आणि तिची किंमत कोण मोजणार आहे?

थोडे मागे जाऊ. १९१८ च्या इन्फ्लूएन्झाने भारतात किमान सव्वा कोटी माणसे मेली असे अभ्यासक सांगतात. तेव्हा अँटिबायोटिक नव्हतेच. विषाणूने फुफ्फुस कमजोर करायचे आणि मागून आलेल्या जिवाणूंनी न्यूमोनिया करून माणूस मारायचा, असे त्यातले बरेचसे मृत्यू होते. पण सगळे सारख्या प्रमाणात मेले का? मुंबईच्या आरोग्य खात्याने त्या साथीची जातवार, धर्मवार नोंद ठेवली होती. दर हजारी युरोपियन मेले ८.३. सवर्ण हिंदू १८.९. आणि ज्यांना त्या नोंदीत ‘खालच्या जातीचे हिंदू’ म्हटले होते, ते मेले ६१.६. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक म्हणून रुजू झाले. ज्या शहरात ते अर्थशास्त्र शिकवत होते, त्या शहरात मरणाचे वाटपही जातीच्या उतरंडीने झाले होते. विषाणूला जात कळत नाही हे खरे. पण घर, पाणी आणि भाकरी जातीने वाटलेली असली, की विषाणूला वेगळी जात बघावी लागत नाही.

१९२८ मध्ये फ्लेमिंगला पेनिसिलिन सापडले. १९४५ मध्ये नोबेल स्वीकारताना त्यानेच इशारा दिला होता, की औषध चुकीच्या मात्रेत घेतले तर जिवाणू त्याला सरावतात. स्वतंत्र भारताने १९५४ मध्ये आपल्या पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी उभी केली. गरिबाला स्वस्त पेनिसिलिन मिळावे हा हेतू होता. म्हणजे अँटिबायोटिक हे गरिबाचे शत्रू नव्हे. न्यूमोनियाचे लेकरू, बाळंतरोगाची बाई या औषधाने वाचली. म्हणूनच ते जपून वापरण्याचा प्रश्न सगळ्यांत आधी आपला आहे.

आता २०२० कडे या. मार्च महिन्यात फ्रान्समधल्या मार्सेयच्या दिदिए राऊल्त यांचा निबंध आला. त्यात अवघे ३६ रुग्ण. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनसोबत अ‍ॅझिथ्रोमायसिन दिलेले रुग्ण किती? सहा! या सहा रुग्णांच्या आधारावर जगभर गाजावाजा झाला. ३१ मार्चला आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयानेही अतिदक्षता विभागातल्या गंभीर रुग्णांसाठी या जोडीचा विचार करावा, असे मार्गदर्शक सूचनांत लिहिले. अतिदक्षता विभागापुरती असलेली ही गोळी काही महिन्यांत साध्या तापाची गोळी झाली.

विक्रीच्या आकड्यांवरून झालेला एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. जून ते सप्टेंबर २०२० या चार महिन्यांत भारतात अपेक्षेपेक्षा सुमारे २१ कोटी ६० लाख जादा अँटिबायोटिक डोस विकले गेले, त्यांत अ‍ॅझिथ्रोमायसिनचे ३ कोटी ८० लाख, असा त्याचा अंदाज. कोणी म्हणेल, त्या वर्षाची एकूण विक्री तर आधीच्या वर्षांपेक्षा किंचित कमीच होती. बरोबर आहे. पण माणसे घरात कोंडलेली, दवाखाने बंद, बाकीचे संसर्ग कमी झालेले. अशा वर्षी विक्री चांगलीच घसरायला हवी होती. श्रीमंत देशांत ती घसरलीही. आपल्याकडे ती घट कोरोनाच्या चिठ्ठ्यांनी भरून काढली.

गरज तरी किती होती? जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये सांगितले, की इस्पितळात दाखल झालेल्या कोरोना रुग्णांपैकी फक्त ८ टक्क्यांना जिवाणूंचाही संसर्ग होता. अँटिबायोटिक मात्र सुमारे ७५ टक्क्यांना दिले गेले. ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीत ७,७६३ रुग्णांवर अ‍ॅझिथ्रोमायसिन तपासले गेले. गोळी घेतलेल्यांत २२ टक्के मेले, न घेतलेल्यांतही २२ टक्केच. हा निष्कर्ष डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झाला. आपल्या केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने सौम्य रुग्णांसाठी ताप-खोकल्याच्या औषधांपलीकडे काही नको असे सांगितले ते मे २०२१ च्या अखेरीस, म्हणजे दुसरी लाट माणसे घेऊन गेल्यावर. आणि राऊल्त यांचा तो निबंध मागे घेतला गेला डिसेंबर २०२४ मध्ये!

यावर एक ठरलेले उत्तर मिळते. ‘लोकच अडाणी, मनानेच गोळ्या खातात.’ हे उत्तर आम्हाला मान्य नाही. सहा रुग्णांचा निबंध वस्तीतल्या माणसाने लिहिला नव्हता. मार्गदर्शक सूचना नाका कामगाराने काढल्या नव्हत्या. ज्याचा एक खाडा म्हणजे एक दिवसाची चूल, जवळच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर नाही आणि खासगी डॉक्टरची फी परवडत नाही, तो मेडिकलच्या काउंटरवरच जाणार. दोष वरून खाली यायचा आणि शिक्षा खालच्यालाच व्हायची, ही रीत आपल्याला नवी नाही.

शिक्षा कोणती? औषधाला सरावलेले जिवाणू. त्यांच्यामुळे २०१९ या एका वर्षात जगात थेट १२ लाख ७० हजार माणसे मेली, असा अंदाज आहे. अ‍ॅझिथ्रोमायसिन हे टायफॉइडवरचे महत्त्वाचे औषध आहे. टायफॉइड होतो घाण पाण्याने. घाण पाणी कोणाच्या नळाला येते? १९२७ मध्ये महाडला आपण पाण्यासाठीच उभे राहिलो होतो. आज पाणी घाण, म्हणून आजार. आजार, म्हणून गोळी. आणि ती गोळी आधीच उधळून बोथट केलेली. श्रीमंताला पुढचे महाग इंजेक्शन परवडते. आपण काय विकायचे?

बाबासाहेबांनी आरोग्य कधी दानधर्मावर सोडले नाही. ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्या काळात, १९४३ मध्ये, अडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना सोपवली गेली. त्यातून पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला. संविधानाच्या अनुच्छेद ४७ ने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य ठरवले. तरी घरकाम करणारी बाई आणि नाक्यावरचा मजूर आजही बहुतेक विम्याबाहेरच आहेत.

म्हणून तरुण कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे. डॉक्टरांना विचारा, हा आजार जिवाणूचा आहे की विषाणूचा? तपासणी केली का? ही गोळी नसेल तर काय होईल? पाकिटावरची लाल रेघ आईवडिलांना दाखवा. ती गोळी चिठ्ठीशिवाय घ्यायची नसते. डॉक्टरांनी गरज ओळखून दिलेला कोर्स मात्र मनाने सोडू नका. आणि प्रश्न घरापुरता ठेवू नका. आपल्या वॉर्डातल्या दवाखान्यात डॉक्टरांची किती पदे रिकामी आहेत, पाण्याचे नमुने शेवटचे कधी तपासले, हे माहितीच्या अधिकारात विचारा. उत्तराची प्रत वस्तीच्या फलकावर लावा.

पुढची साथ येणार आहे. तेव्हा आपल्या हातात बोथट गोळी ठेवायची की चालू दवाखाना, हे आजच्या मागणीवर ठरेल.

जय भीम!