'लिहाफ' गाजली, 'टेढी लकीर' राहून गेली

इस्मत चुगताई हे नाव निघाले की आपल्यापैकी बहुतेकांच्या तोंडी एकच शब्द येतो, 'लिहाफ'. ज्यांनी ती वाचली आहे त्यांच्याही आणि ज्यांनी वाचलेली नाही त्यांच्याही. आमच्या पिढीने तर ही कथा वाचण्याआधी ऐकली, आणि तीही दबक्या आवाजात. त्याच बाईंनी 'टेढी लकीर' नावाची मोठी कादंबरी लिहिली, आणि एका मुलीचे प्रेम, तिचे एकटेपण आणि मुलींनी मुलींवर जीव टाकणे हे सारे त्यात 'लिहाफ'पेक्षा अधिक मोकळेपणाने आले आहे, हे आम्हांला फार उशिरा कळले. एका छोट्या कथेवर खटला होतो आणि त्याच लेखिकेच्या कादंबरीकडे कोणी वळून पाहत नाही, असे का झाले? कथेचा इतिहास अनेकांनी सांगितला आहे. आम्हांला येथे तिच्या वाचकांचा इतिहास सांगायचा आहे.

'लिहाफ' १९४२ मध्ये लाहोरच्या 'अदब-ए-लतीफ' मासिकात छापून आली. त्याच वर्षी इस्मत यांचा शाहिद लतीफ यांच्याशी निकाह झाला. कथा निकाहाच्या थोडीच आधीची. तिचे पहिले वाचक घरातलेच होते. इस्मत यांनी आपल्या आठवणींत लिहिले आहे, की कथा त्यांनी प्रथम भावजयीला वाचून दाखविली. भावजयीने ती वाईट ठरवली नाही. तिने फक्त ही बेगम कोण ते ओळखले. नंतर चौदा वर्षांच्या एका मुलीला ऐकवली, तर तिला काही उमगलेच नाही. हे दोन प्रतिसाद लक्षात ठेवण्याजोगे आहेत. ज्या स्त्रीने तसले घर पाहिले होते तिला त्यात ओळखीचे माणूस दिसले. जिने पाहिले नव्हते तिला काहीच दिसले नाही. अश्लीलता या दोघींपैकी एकीलाही दिसली नाही. ती पुढे बाहेरच्यांना दिसली.

कथा थोडक्यात अशी. एक वयस्क, इज्जतदार नवाब बेगमजानला घरात आणून जणू सामानासारखे ठेवून देतो. त्याचा ओढा गोऱ्यागोमट्या, सडपातळ तरुण विद्यार्थ्यांकडे. बेगम झुरत जाते. मग रब्बो नावाची मोलकरीण तिची मालिश करू लागते आणि बेगम पुन्हा जगू लागते. हे सारे सांगते आहे एक लहान मुलगी, जिला रात्री भिंतीवर रजईची हत्तीएवढी सावली डोलताना दिसते आणि भीती वाटते. शरीरसंबंधाचे उघड वर्णन कथेत कुठेही नाही.

तरीही गहजब झाला. इस्मत यांना जी पत्रे येऊ लागली त्यांत त्यांच्याबरोबर त्यांचे पती आणि अवघ्या दोन महिन्यांची मुलगी यांनाही घाणेरड्या शिव्या होत्या. अदबीच्या नावाने लिहिणाऱ्यांची ही अदब! १९४४ च्या डिसेंबरात मुंबईच्या त्यांच्या घरी पोलीस समन्स घेऊन आले. बादशहा विरुद्ध इस्मत चुगताई, असा त्यावरचा मजकूर वाचून बाईंना हसूच फुटले. मंटो यांच्यावरही 'बू' या कथेसाठी त्याच वेळी लाहोरलाच खटला होता. माफी मागा, दंड भरा आणि मोकळे व्हा, असा सल्ला देणारे हितचिंतक पुष्कळ होते. मंटो मात्र लढायच्या बाजूचे होते. मुंबईहून लाहोरच्या फेऱ्या सुरू झाल्या.

कोर्टातला प्रसंग आजही वाचण्यासारखा आहे. फिर्यादीच्या साक्षीदाराला विचारण्यात आले, की या कथेतला कोणता शब्द अश्लील आहे? पुष्कळ शोधून त्याने बोट ठेवले ते 'आशिक' जमवण्याच्या उल्लेखावर. मुलींनी आशिक जमवणे वाईट, असे त्याचे म्हणणे. वकिलाने फिरवून विचारल्यावर गाडी अडली, आणि मग साक्षीदाराच्या तोंडून मनातले बाहेर पडले. चांगल्या घरातल्या, शिकलेल्या बाईने असल्या बायकांविषयी लिहावे हेच निंद्य, असे तो म्हणाला. खटला टिकला नाही. पण त्या साक्षीने एक गोष्ट कायमची नोंदवून ठेवली. शब्दावर आक्षेप नव्हता. आक्षेप लिहिणाऱ्या हातावर होता.

याच लाहोरमध्ये एम. अस्लम या ज्येष्ठ लेखकाने इस्मत यांना खडसावले. इस्मत यांनी त्यांच्याच 'गुनाह की रातें' या पुस्तकाची आठवण दिली. त्यात तर पुष्कळ उघडे लिहिले आहे, असे त्या म्हणाल्या. त्यावर उत्तर आले, माझी गोष्ट वेगळी, मी पुरुष आहे. खुदाने तुम्हांला पुरुष केले त्यात माझा हात नाही आणि मला स्त्री केले त्यात तुमचा नाही, अशा आशयाचे बाईंचे उत्तर होते. याच बोलण्यात त्यांनी 'बहिश्ती जेवर'चा दाखला दिला. मौलाना अशरफ अली थानवी यांचे हे पुस्तक आपल्याकडे लग्नात मुलीला देण्याचा रिवाज आहे. लहानपणी चोरून वाचले तेव्हा त्यातली शरीराविषयीची माहिती आपल्याला घाणेरडी वाटली, बी.ए. झाल्यावर पुन्हा वाचले तेव्हा कळले की ती घाण नव्हे, प्रत्येक समजदार माणसाला ठाऊक असायला हवी अशी गोष्ट आहे, असे त्या म्हणाल्या. पुस्तक तेच, वाचणारीही तीच. बदलली होती ती वाचणारीची समज.

आता थोडे मागे जाऊ. हा विषय उर्दूला नवा होता काय? मुळीच नाही. गझलेत मुलग्याच्या सौंदर्यावर भाळणे हा शतकानुशतकांचा संकेत. मीर यांच्यासारख्या थोर शायराच्या दीवानातही असे शेर आहेत, आणि दाद देणारे सभ्य, नमाजी लोकच होते. सआदत यार खान 'रंगीन' आणि इंशा यांनी 'रेख्ती' हा प्रकार लोकप्रिय केला. स्त्रियांच्या बोलीत, स्त्रियांच्या तोंडून लिहिलेल्या या कवितेत बाईची बाईशी असलेली जवळीकही येते; अशा मैत्रिणीसाठी 'दोगाना' असा खास शब्दच तिच्यात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुधारणेचे वारे वाहू लागले, हालींसारख्यांनी जुन्या शायरीची झाडाझडती घेतली, आणि रेख्ती हळूहळू लाजेची गोष्ट झाली. तोपर्यंत तिने मैफली हसविल्या होत्या. कारण सरळ आहे. लिहिणारे पुरुष, ऐकणारे बहुतांशी पुरुष, आणि बाई फक्त सोंगापुरती. 'लिहाफ'मध्ये पहिल्यांदा एका बाईने, स्वतःच्या नावाने, गद्यात, घराच्या आतून लिहिले. आणखी एक बघा. कथेतला नवाब आणि त्याचे तरुण विद्यार्थी यांचा उल्लेख आरंभीच, उघड आहे. इस्मत यांनी सांगितलेल्या कोर्टाच्या हकिकतीत त्यावर आक्षेप घेतल्याचे दिसत नाही. नवाबाचा शौक खपला, बेगमेचे दुःख खपले नाही.

हे केवळ मुसलमान वाचकांचे खूळ होते, असे कोणी समजू नये. 'लिहाफ'च्या आठ वर्षे आधी, १९३४ मध्ये, याच मुंबईत र. धों. कर्वे यांच्यावर 'समाजस्वास्थ्य' मासिकासाठी खटला झाला. वाचकांनी हस्तमैथुन, समलिंगी संबंध यांविषयी विचारलेल्या प्रश्नांना त्यांनी उत्तरे दिली, एवढाच गुन्हा. बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. तरीही २०० रुपये दंड झालाच. म्हणजे प्रश्न विचारणारे वाचकच होते आणि उत्तर छापले म्हणून संतापलेलेही वाचकच होते. मराठी आणि उर्दू यांत त्या काळी या बाबतीत फारसा फरक नव्हता.

आता 'टेढी लकीर'कडे येऊ. ही कादंबरी चाळिसाव्या दशकाच्या मध्याला आली. जिवंत आईबापांच्या पोरक्या मुलांना ती अर्पण केलेली आहे, आणि या अर्पणातच तिचे सारे दुःख आहे. नायिका शमन ही घरातले दहावे अपत्य. तिच्या जन्माचा कोणाला आनंद नाही. दाईच्या अंगावर वाढते, तर दाई जाते. मग मोठी बहीण मंझू तिला आईसारखी जवळ घेते, तर तिचे लग्न होते आणि ती सासरी जाते. ज्याच्यावर जीव लावावा ते माणूस निघून जाते, हा शमनच्या आयुष्याचा नियमच होऊन बसतो. शाळेत गेल्यावर मिस चरन या शिक्षिकेवर तिचा जीव जडतो. त्यांच्याशिवाय तिला काही सुचत नाही. पुढे वसतिगृहात रसूल फातिमा नावाची किरकोळ, आजारी मुलगी शमनवर जीव टाकते. शमनला तिची शिसारी येते. आणि नंतर शमन स्वतः नजमाच्या मागे तशीच वेडी होते. जिने दुसरीला झिडकारले तिच्यावरच झिडकारले जाण्याची पाळी येते. पुढे कॉलेज, देशातल्या चळवळी, रॉनी टेलर या आयरिश माणसाशी लग्न, गोऱ्या-काळ्याच्या भिंतीवर आपटून झालेला विस्कोट; तो युद्धावर निघून जातो आणि ती गरोदर मागे राहते.

मुलींच्या वसतिगृहातले हे जग इस्मत यांनी आत राहून पाहिले होते. त्या हे प्रेम विकृती म्हणून दाखवत नाहीत आणि त्याचा झेंडाही फडकावत नाहीत. भुकेल्या मुलीने भाकरीचा तुकडा जिथे दिसेल तिथे हात घालावा, तसे शमनचे प्रेम आहे. वाचताना आम्हांला अनेकदा थांबावे लागले. आपल्या घरांत नऊ-दहा मुलांच्या गर्दीत कोणाच्या नजरेस न पडता वाढलेल्या किती मुली आम्ही पाहिल्या आहेत! त्यांचे कुढणे आपण 'स्वभाव' म्हणून सोडून दिले.

मग या कादंबरीवर आरडाओरडा का झाला नाही? आम्हांला तीन कारणे दिसतात. एक, कथा दहा मिनिटांत वाचून होते आणि न वाचताही सांगता येते. कादंबरीला चिकाटी लागते, आणि संतापलेल्या माणसाजवळ ती नसते. दोन, 'लिहाफ'मध्ये नवाबाची हवेली होती, म्हणजे आपली खानदानी इज्जत होती. शाळेतल्या पोरींची वेडे ही पोरवयाची गोष्ट म्हणून सोडून देता आली. तिसरे कारण सगळ्यांत मोठे. 'लिहाफ'ने बाईंच्या नावावर असा शिक्का मारला, की पुढे जे लिहिले ते त्या रजईखालीच गेले. ही खंत खुद्द इस्मत यांनी व्यक्त केली आहे. शिव्या देणाऱ्यांनी जितके नुकसान केले तितकेच टाळ्या वाजविणाऱ्यांनीही केले, कारण दोघांनाही तीच एक कथा हवी होती.

पुढच्या काळात 'लिहाफ'ला नवे वाचक मिळाले. इंग्रजी अनुवाद झाले, ती विद्यापीठांत शिकवली जाऊ लागली. दीपा मेहता यांच्या 'फायर' या चित्रपटाचे नाते तिच्याशी सांगितले जाते. १९९८ च्या डिसेंबरात त्या चित्रपटावरून मुंबईत चित्रपटगृहांवर हल्ले झाले आणि त्याची बाजू घेणाऱ्या दिलीपकुमार यांच्या घरासमोर निदर्शने झाली. 'आपल्या घरात असे नसते' हे वाक्य लाहोरपासून मुंबईपर्यंत, एका समाजातून दुसऱ्या समाजात, जसेच्या तसे फिरत राहिले. मात्र 'लिहाफ'च्या नव्या चाहत्यांनाही आम्हांला एक गोष्ट विचारावीशी वाटते. त्या कथेत एक लहान मुलगी आहे. रब्बो नसताना बेगमचा हात तिच्याही अंगावरून फिरतो आणि ती घाबरून जाते. बेगमच्या दुःखाला दाद देताना त्या मुलीची भीती विसरायची काय? रागावलेल्या वाचकाला ती मुलगी दिसली नाही, आणि भारावलेल्यालाही दिसली नाही.

मराठीत २००६ मध्ये सचिन कुंडलकर यांची 'कोबाल्ट ब्लू' आली. पुण्याच्या एका घरात भाऊ आणि बहीण, दोघांचाही जीव एकाच भाडेकरूवर जडतो आणि तो दोघांनाही सोडून जातो. कोणी कोर्टात गेले नाही. २०१३ मध्ये जेरी पिंटो यांनी ती इंग्रजीत नेली, २०२२ मध्ये तिच्यावर चित्रपट आला. मधल्या काळात, ६ सप्टेंबर २०१८ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीने होणाऱ्या समलिंगी संबंधांना कलम ३७७ च्या कक्षेतून बाहेर काढले. कायदा बदलला, मराठी वाचकही थोडा बदलला. आपण मुस्लिम मराठी लिहिणारे-वाचणारे किती बदललो, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे. दीन काय सांगतो हा प्रश्न उलेमांचा आहे आणि तो येथे सोडविण्याचा आमचा अधिकार नाही. पण कादंबरी फतवा मागत नाही. एका माणसावर काय गुजरले ते ऐका, एवढेच ती म्हणते. ऐकून घेण्याला कोणत्या शरियतीने मनाई केली आहे?

शेवटी 'लिहाफ'च्या एका वाचक बाईंविषयी. जिच्यावरून बेगमजान रंगवली ती खरी बेगम पुढे अलिगढमध्ये एका समारंभात इस्मत यांच्यासमोर आली. इस्मत यांच्या पायांखालची जमीन सरकली. आता ही काय म्हणेल? बेगमने गर्दीतून वाट काढून त्यांना मिठी मारली. तिने नवाबाकडून तलाक घेतला होता, दुसरा निकाह केला होता आणि तिला एक गोड मुलगा झाला होता. तिने इस्मत यांना घरी जेवायला बोलावले. आपल्याला मेहनतीचे इनाम मिळाले, असे त्या दिवशी वाटल्याचे इस्मत यांनी नमूद केले आहे.

सरकार, साक्षीदार, ज्येष्ठ साहित्यिक, निनावी पत्रे लिहिणारे, हे सारे 'लिहाफ'चे वाचक होते. ज्या बाईची बदनामी झाली असे या सर्वांना वाटत होते, तिला मात्र आपल्यावर गुजरलेले कोणीतरी पाहिले, एवढेच त्यात दिसले. आपल्या घरांतही अशी एखादी बेगमजान, एखादी शमन, एखादा उदास मुलगा असेल. उशीखाली एखादी कादंबरी लपवून तो ती वाचत असेल. पुस्तक हाती लागले तर ते फाडण्याआधी आपण निदान एकदा वाचून पाहू. आणि सुरुवात 'लिहाफ'पासून न करता 'टेढी लकीर'पासून केली, तर फार बरे.