घर्षण : कुठे हवे, कुठे नको?

मूठ पिळून वेग वाढवण्याची कल्पना पेट्रोलच्या मोटरसायकलपेक्षाही जुनी आहे. अमेरिकेतील सिल्व्हेस्टर रोपर यांच्या १८६९ च्या सुमाराच्या वाफेच्या दुचाकीत हँडलच फिरवून वाफेची झडप उघडत. पुढे नळीवर बसवलेली मूठ आणि अर्नेस्ट बाउडेन यांची १८९६ ची, आवरणातून सरकणारी तार यांची जोडी जमली.

रबरी मूठ नळीला धरून राहते ती घर्षणाने. आत तेल शिरले की मूठ फिरते, नळी फिरत नाही. सैल मूठ आत सरकून अडकली, तर वेग कमीच होत नाही. खरा धोका हाच. म्हणून मूठ काढून तेल पुसावे, नळी कोरडी करावी आणि चिकटद्रव्य लावून मूठ बसवावी. नळी व हँडल यांच्यामध्ये मात्र ते जाऊ देऊ नये. का, ते विद्यार्थ्यांनाच विचारा.