'नाताळची खरेदी लवकर करा' : एका घोषणेचा उलटा प्रवास

१/
अमेरिकेत ऑक्टोबर उजाडला, की हॅलोविनच्या भोपळ्यांशेजारीच नाताळची झाडे दुकानांतून दिसू लागतात. सण २५ डिसेंबरचा, बाजार मात्र दोन-अडीच महिने आधीच सजलेला. व्यापाऱ्यांनी सण गिळला, ही तक्रार तिथे दरवर्षी होते आणि ती खोटीही नाही. परंतु 'खरेदी लवकर करा' या घोषणेला चळवळीचे रूप दिले, ते दुकानांत राबणाऱ्या मुलींसाठी आणि पोरांसाठी झटणाऱ्या सुधारकांनी. त्या घोषणेचे पुढे काय झाले, त्याची ही हकीकत.

२/
आरंभी अमेरिकेत नाताळ हा मोठा सणच नव्हता. मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटन वसाहतीने १६५९ मध्ये तो साजरा करण्यावर बंदी घालून पाच शिलिंगांचा दंड ठेवला होता. हा कायदा १६८१ मध्ये रद्द झाला, तरी न्यू इंग्लंडमध्ये पुढे कित्येक पिढ्या २५ डिसेंबर हा कामाचाच दिवस राहिला.

३/
चित्र पालटले ते एकोणिसाव्या शतकात. सेंट निकोलसच्या भेटीवरची प्रसिद्ध कविता १८२३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील ट्रॉय येथील वृत्तपत्रात छापून आली आणि भेटवस्तू आणणारा प्रेमळ म्हातारा घरोघरी पोहोचला. १८४३ मध्ये लंडनला डिकन्सचे 'अ ख्रिसमस कॅरल' प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी हेन्री कोल यांनी पहिले छापील नाताळपत्र काढले. १८७० मध्ये अमेरिकेच्या संघराज्याने नाताळला कायदेशीर सुट्टीचा दर्जा दिला. रस्त्यावरचा दंगामस्तीचा सण आता घरातला, मुलांचा आणि भेटींचा सण झाला.

४/
भेटी म्हटल्या की दुकाने आलीच. १८६७ च्या नाताळच्या आदल्या रात्री न्यूयॉर्कचे मेसीज बारापर्यंत उघडे राहिले. १८८० मध्ये वूलवर्थ यांनी काहीशा अनिच्छेनेच जर्मन काचेचे शोभेचे गोळे विक्रीला ठेवले आणि ते पाहता पाहता संपले. १८९० मध्ये ब्रॉक्टन गावचे दुकानदार जेम्स एडगर स्वतः सांताक्लॉजचा वेष चढवून दुकानात वावरू लागले. मुलांना घेऊन लांबलांबच्या गावांहून लोक तिथे येऊ लागले.

५/
या झगमगाटाला दुसरी बाजू होती. त्या काळी लोक नाताळच्या भेटी अगदी अखेरच्या दहा-पंधरा दिवसांत घेत. वर्षातली सगळ्यात मोठी विक्री दोन आठवड्यांत कोंबलेली असे. दुकाने रात्री दहापर्यंत, कधी त्याहूनही उशिरापर्यंत उघडी राहत. काउंटरमागच्या मुली सकाळी आठपासून उभ्याच असत, आणि जादा तासांचा मोबदला बहुतेक ठिकाणी मिळत नसे. शेवटचे गिऱ्हाईक गेल्यावरही सुटका नव्हती. उसकटलेला माल पुन्हा लावून ठेवायचा, आणि मगच घर.

६/
त्यांच्याहूनही लहान कामगार दुकानांत होते. गिऱ्हाइकाने दिलेले पैसे काउंटरवरून खजिनदाराकडे न्यायचे, सुट्टे पैसे आणि बांधलेले पुडके परत आणायचे, यासाठी मुले ठेवली जात. 'कॅश' अशी हाक आली की त्यांनी धावायचे. दुकानाबाहेर माल पोचवणाऱ्या घोडागाड्यांवर पोरे असत. डिसेंबरच्या थंडीत मध्यरात्रीपर्यंत ती दारोदार पुडकी पोचवीत. ज्या सणात मुलांचे कौतुक व्हायचे, त्याच सणाने या मुलांची झोप हिरावून घेतली होती.

७/
कायदा काय करीत होता? न्यूयॉर्क राज्याने १८९६ मध्ये दुकानांसाठी कायदा केला. सोळा वर्षांखालील मुले आणि एकवीस वर्षांखालील स्त्रिया यांच्याकडून आठवड्याला ६० तासांपेक्षा अधिक काम घेऊ नये, अशी त्यात तरतूद होती. मात्र तिला एक अपवाद जोडला होता : १५ डिसेंबर ते १ जानेवारी या काळात ही मर्यादा लागू नाही. वर्षभरात संरक्षणाची सर्वाधिक गरज ज्या दिवसांत होती, नेमके तेच दिवस कायद्यातून वगळले गेले.

८/
सुधारकांनी मग दुसरे दार ठोठावले, ते ग्राहकांचे. १८९१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये कन्झ्युमर्स लीग स्थापन झाली. जोसेफिन शॉ लोवेल तिच्या पहिल्या अध्यक्ष होत्या. लीगने 'व्हाइट लिस्ट' काढली, म्हणजे कामगारांना रास्त वेतन, बसायला जागा आणि माणुसकीची वागणूक देणाऱ्या दुकानांची यादी. पहिल्या यादीत बसण्याजोगी दुकाने मोजकीच निघाली. दुकानदाराला नोकर जे सांगू शकत नाही, ते गिऱ्हाईक सांगू शकते, हा त्यामागचा विचार होता.

९/
१८९९ मध्ये अशा स्थानिक संघटनांची राष्ट्रीय संघटना झाली आणि तिची सूत्रे फ्लॉरेन्स केली यांच्याकडे आली. काँग्रेस सदस्याची ही मुलगी एंगल्सच्या इंग्रज कामगारांवरील ग्रंथाची अनुवादक होती, आणि १८९३ पासून इलिनॉय राज्याची मुख्य कारखाना निरीक्षक. तिथे स्त्री कामगारांसाठी झालेला आठ तासांचा नियम राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९५ मध्ये रद्द ठरवला. कायदा हातातून कसा निसटतो, हे केलींनी जवळून पाहिले होते.

१०/
डिसेंबर १९०३ मध्ये केली यांनी 'चॅरिटीज' या साप्ताहिकात नाताळवर लेख लिहिला. नाताळची विटंबना, असे त्याच्या शीर्षकाचे मराठीत सांगता येईल. जो सण आनंदाचा, तोच दुकानांतल्या आणि निरोप-पुडकी पोचवणाऱ्या मुलांसाठी धास्तीचा झाला आहे, हा त्यांचा मुद्दा होता. दोष केवळ मालकांचा नव्हता. २३ डिसेंबरच्या रात्री निवांतपणे दुकानात शिरणाऱ्या आणि पुडके आजच घरी पोचवा असे बजावणाऱ्या सभ्य ग्राहकाचाही त्यात वाटा होता.

११/
लीगचे आवाहन साधे होते. खरेदी लवकर करा, महिन्यात लवकर आणि दिवसातही लवकर. संध्याकाळनंतर दुकानात जाऊ नका. पुडके रात्री मागवू नका. गर्दी महिन्याभरात विभागली गेली, तर दुकानदाराला रात्री दुकान उघडे ठेवण्याचे कारण उरणार नाही आणि मुली वेळेवर घरी जातील. इथे 'लवकर' म्हणजे डिसेंबरचा पहिला पंधरवडा, फार तर नोव्हेंबरचा शेवट. हॅलोविनच्या आधीचा नाताळ कोणाच्या स्वप्नातही नव्हता.

१२/
घोषणा झपाट्याने पसरली. वृत्तपत्रांनी ती उचलली. १९१३ च्या आरंभी पार्सल टपालसेवा सुरू झाली आणि डिसेंबरात टपालघरांत पुडक्यांचे डोंगर साचू लागले, तेव्हा लवकर खरेदी करा, लवकर पाठवा, असे टपाल खातेही सांगू लागले. १९१२ मध्ये एलिनॉर बेलमाँट आणि अ‍ॅन मॉर्गन यांनी निरुपयोगी भेटी रोखणारी एक संस्थाच काढली. तुटपुंज्या पगाराच्या मुलींना नाताळला वरिष्ठांसाठी वर्गणी काढून भेट द्यावी लागे, त्याविरुद्ध ती होती. माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टही तिचे सदस्य झाले.

१३/
या घोषणेत आपलाही लाभ आहे, हे दुकानदारांनी चटकन ओळखले. गर्दी विभागली की तेवढ्याच जागेत आणि तेवढ्याच नोकरांत अधिक माल खपतो. लवकर आलेले गिऱ्हाईक शेवटच्या आठवड्यात काही राहिले म्हणून पुन्हा येते. जाहिरातींत घोषणा तीच राहिली, कारण मात्र बदलले. विक्रेत्या मुलीचे पाय दुखतात, हे वाक्य हळूहळू गळाले. उत्तम निवड हवी तर आजच या, हे वाक्य तिथे येऊन बसले.

१४/
पहिल्या महायुद्धाने या बदलाला सरकारी आधार दिला. १९१८ मध्ये मनुष्यबळ आणि रेल्वे दोन्ही युद्धाला जुंपलेली होती. नाताळसाठी जादा नोकर घेऊ नयेत, दुकानाचे तास वाढवू नयेत आणि खरेदी आधीच्या महिन्यांत विभागावी, अशी भूमिका कौन्सिल ऑफ नॅशनल डिफेन्सने घेतली. लवकर खरेदी हे आता देशकार्यही झाले.

१५/
शांततेच्या काळात हंगामाला प्रारंभाचा ठळक दिवस हवा होता. तो थँक्सगिव्हिंगने दिला, म्हणजे नोव्हेंबरातल्या कृतज्ञतेच्या सणाने. १९२० मध्ये फिलाडेल्फियात गिंबल्सने त्या दिवशी मिरवणूक काढली. १९२४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये मेसीजने काढली. हार्लेमपासून ३४ व्या रस्त्यापर्यंत वेष घेतलेले कर्मचारी, सेंट्रल पार्कच्या प्राणिसंग्रहालयातले प्राणी आणि सर्वांत शेवटी सांताक्लॉज. दिवस थँक्सगिव्हिंगचा, पण मिरवणुकीचे नाव 'मेसीज ख्रिसमस परेड'. तिच्याआधी नाताळची जाहिरात करू नये, असा अलिखित संकेत दुकानदार पाळीत.

१६/
हाच संकेत १९३९ मध्ये अंगाशी आला. लिंकनच्या १८६३ च्या घोषणेपासून थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरच्या शेवटच्या गुरुवारी असे. त्या वर्षी नोव्हेंबरात पाच गुरुवार होते आणि शेवटचा थेट ३० तारखेला येत होता. रविवार वगळता विक्रीला उरत होते जेमतेम २० दिवस. मंदीने पोळलेल्या व्यापाऱ्यांनी राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्याकडे धाव घेतली. फेडरेटेड डिपार्टमेंट स्टोअर्सचे फ्रेड लाझारस त्यात आघाडीवर होते. ऑगस्टमध्ये रूझवेल्टनी जाहीर केले, की यंदा सण २३ तारखेला.

१७/
देशभर गदारोळ उडाला. दिनदर्शिका छापून झाल्या होत्या, महाविद्यालयांचे फुटबॉल सामने ठरले होते. विरोधकांनी या सणाला 'फ्रँक्सगिव्हिंग' असे कुचेष्टेचे नाव दिले. ४८ राज्यांपैकी २३ राज्यांनी नवी तारीख घेतली, २२ राज्ये जुन्या तारखेवर अडून बसली, तर कोलोरॅडो, मिसिसिपी आणि टेक्सास यांनी दोन्ही दिवस पाळले. राज्याच्या सीमेपलीकडे नोकरी असलेल्या कुटुंबांत एकाला सुट्टी, तर दुसऱ्याला काम असे झाले.

१८/
दोन वर्षांनी हिशेब झाला. तारीख अलीकडे आणल्याने विक्रीत लक्षणीय वाढ झाली नाही, असे दिसून आले आणि १९४१ मध्ये रूझवेल्टनी प्रयोग फसल्याची कबुली दिली. तरीही जुनी व्यवस्था जशीच्या तशी परतली नाही. काँग्रेसने नोव्हेंबरचा चौथा गुरुवार कायम केला आणि २६ डिसेंबर १९४१ रोजी त्या ठरावावर स्वाक्षरी झाली. तेव्हापासून थँक्सगिव्हिंग २८ नोव्हेंबरच्या पुढे कधीच जात नाही. एका राष्ट्रीय सणाची तारीख दुसऱ्या सणाच्या खरेदीसाठी हलली होती.

१९/
दुसऱ्या महायुद्धात हंगाम आणखी अलीकडे सरकला. समुद्रापार लढणाऱ्या सैनिकांना भेट वेळेवर मिळावी, म्हणून १९४३ मध्ये लष्करी टपालासाठी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर हा काळ ठरवून दिला गेला. आयांनी मुलांसाठी मोजे आणि मिठाई सप्टेंबरात खरेदी केली. युद्ध संपले, पण सप्टेंबर-ऑक्टोबरात नाताळचा माल विकता येतो, हे बाजाराला कळून चुकले होते.

२०/
पुढचा टप्पा 'ब्लॅक फ्रायडे'चा. थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी फिलाडेल्फियात उसळणाऱ्या गर्दीला आणि वाहतूककोंडीला त्रासलेल्या पोलिसांनी १९५०-६० च्या काळात हे नाव रूढ केले. अशुभ वाटणारे हे नाव बदलून १९६१ मध्ये 'बिग फ्रायडे' रुजवण्याचा व्यापाऱ्यांचा प्रयत्न फसला. १९८० च्या दशकात त्यांनी अर्थच पालटला : या दिवशी दुकानाचा ताळेबंद तोट्याच्या लाल शाईतून नफ्याच्या काळ्या शाईत येतो. रजा न मिळणाऱ्या पोलिसांची कुरकूर व्यापाराची शुभवार्ता झाली.

२१/
या साऱ्या वाटचालीत काउंटरमागच्या माणसाचे काय झाले? १९३८ च्या संघीय कायद्याने किमान वेतन आणि जादा तासांचा मोबदला आणला, पण बहुतांश किरकोळ दुकाने त्यातून वगळली. मोठ्या दुकानांतल्या कामगारांना त्याचे संरक्षण मिळाले ते १९६१ च्या दुरुस्तीनंतर. केली १९३२ मध्येच निवर्तल्या होत्या. पुढे २०१० नंतरच्या दशकात अनेक मोठ्या साखळी दुकानांनी थँक्सगिव्हिंगच्या संध्याकाळीच दारे उघडली आणि कर्मचाऱ्यांचे सणाचे जेवणही कामाच्या वेळेत अडकले. २०२० च्या महामारीने ती प्रथा बव्हंशी थांबवली.

२२/
२००८ च्या ब्लॅक फ्रायडेला लाँग आयलंडवरील एका दुकानाबाहेर पहाटेपूर्वीपासून गर्दी लोटली होती. उघडण्याची वेळ पाचची. लोकांच्या रेट्याने दारे मोडली आणि हंगामापुरता कामावर घेतलेला एक कर्मचारी त्या लोंढ्याखाली चिरडून मरण पावला. इतकी माणसे इतक्या लवकर आली होती, ती खरेदी करायलाच.

२३/
लवकर खरेदी केली, की शेवटची धांदल कमी होईल, हा सुधारकांचा हिशेब होता. प्रत्यक्षात धांदल राहिली आणि तिच्या आधी दोन महिन्यांचा हंगाम जोडला गेला. ग्राहकाच्या सद्भावनेने काही मुली काही डिसेंबरांत लवकर घरी गेल्या असतील, पण कामाच्या तासांची मर्यादा जिथे आली, तिथे ती कायद्यानेच आली. केलींनाही हे ठाऊक होते. म्हणूनच त्या आयुष्यभर आवाहनाच्या जोडीने कायद्यासाठी भांडत राहिल्या.

२४/
नाताळ लवकर का येतो, यावर अमेरिकेत आजही दरवर्षी वाद होतो. १९०३ मध्ये केलींचा प्रश्न निराळा होता : हे पुडके इतक्या रात्री पोचवायला कोण आले आहे, आणि त्याचे वय काय? घोषणा बाजाराने घेतली. प्रश्न मात्र मागेच राहिला.

(समाप्त)