एव्हरेस्टची पहिली पायरी चेन्नईत

चेन्नई विमानतळाजवळ सेंट थॉमस माउंट नावाची टेकडी आहे. तमिळमध्ये परंगीमलै. उंची जेमतेम ३०० फूट. आमची ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमी याच भागात. इथल्या पोस्टिंगमध्ये मी ही टेकडी अनेकदा चढलो. दम लागायच्या आत माथा येतो! पण मित्रांनो, एव्हरेस्टची गोष्ट इथूनच सुरू होते.

१० एप्रिल १८०२ रोजी विल्यम लॅम्बटन या ब्रिटिश फौजी अधिकाऱ्याने या टेकडीजवळ पायारेषा मोजायला घेतली. लांबी सुमारे १२ किलोमीटर, साधन १०० फुटी पोलादी साखळी. या एका रेषेवर त्रिकोणाला त्रिकोण जोडत हिंदुस्थान मोजायचा होता. सोबतीला अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट. तो डोंगरमाथ्यांवर चढवणारे खलाशी आणि हमाल आपलेच लोक. जंगल आणि ताप यांनी त्यातले किती गेले, त्यांची नावं कुठल्याच नकाशावर नाहीत.

लॅम्बटन २० वर्षं उत्तरेकडे सरकत राहिला. जानेवारी १८२३ मध्ये काम चालू असतानाच तो गेला, आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला. त्याची कबर तिथेच आहे.

पुढे जॉर्ज एव्हरेस्टने ही साखळी डेहराडूनपर्यंत नेली. तो निवृत्त झाल्यावर त्रिकोण हिमालयाच्या पायथ्याने पूर्वेकडे गेले. नेपाळ परक्यांना बंद होता, म्हणून बिहारच्या मैदानातून दीडशे किलोमीटरहून अधिक अंतरावरून शिखरांचे कोन घेतले. त्यांतल्या 'शिखर १५'ची उंची ठरवण्याच्या आकडेमोडीत बंगालचे राधानाथ सिकदार प्रमुख होते. १८५६ मध्ये अँड्र्यू वॉ याने २९,००२ फूट हा आकडा जाहीर केला. आजच्या ८,८४८.८६ मीटरशी फरक अवघा नऊएक मीटरचा!

स्थानिक नाव सापडत नाही, असं म्हणून वॉने आपल्या जुन्या साहेबाचं नाव सुचवलं. तिबेटी लोक त्याला चोमोलुंग्मा म्हणतच होते. खुद्द एव्हरेस्टनेही हरकत घेतली की हे नाव इथल्या लोकांना उच्चारता येणार नाही. तरी १८६५ मध्ये तेच कायम झालं. १९५३ मध्ये तेनसिंग आणि हिलरी माथ्यावर पोचले, तेव्हा जगभर तेच नाव गाजलं.

फौजेत हे नवं नाही. पाया एक पलटण घालते, फलक दुसरीचा लागतो. विदर्भातल्या मित्रांनो, हिंगणघाटला गेलात तर त्या कबरीपाशी जरा थांबा. लॅम्बटनसाठी आणि त्या बिननावाच्या खलाशांसाठीही एक सॅल्यूट करा.