तिबेटी पर्वतदेवता

तिबेटी पर्वतदेवता म्हणजे विशिष्ट पर्वतावर वास करणारी आणि त्या परिसराचे, तेथील माणसांचे व गुराढोरांचे रक्षण करणारी मानली जाणारी स्थानिक दैवते होत. तिबेटी भाषेत त्यांना यूल-ल्हा (‘यूल’ म्हणजे मुलूख, ‘ल्हा’ म्हणजे देव) किंवा शिदाक (भूमीचा धनी) असे म्हणतात. मध्य तिबेट, अम्दो व खाम या प्रदेशांत, तसेच भूतान, सिक्कीम, लडाख आणि उत्तर नेपाळमधील तिबेटी वंशाच्या समाजांत ही उपासना आढळते. तिची मुळे बौद्ध धर्माच्या आगमनापूर्वीची मानली जातात. पुढे बौद्ध आणि बोन या दोन्ही धर्मांनी तिला आपल्यात सामावून घेतले.

स्वरूप

पर्वतदेवता बहुधा चिलखत व शिरस्त्राण घातलेल्या, घोड्यावर बसलेल्या योद्ध्याच्या रूपात कल्पिली जाते. तिला पत्नी, मुले, मंत्री व सैन्य असा परिवार असतो. मध्य तिबेटमधील न्येन्चेन थांगल्हा (उंची ७,१६२ मीटर) या पर्वतदेवाची पत्नी म्हणजे पायथ्याशी पसरलेले नामत्सो सरोवर, अशी श्रद्धा आहे. अम्दोमध्ये अशा देवांच्या नावापूर्वी ‘आम्न्ये’ म्हणजे आजोबा किंवा पूर्वज हा शब्द लावतात. गोलोक प्रदेशातील आम्न्ये माचेन (६,२८२ मीटर) हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय.

हे देव मोक्ष देणारे नव्हेत. पाऊस, कळपांची वाढ, प्रवासातील सुरक्षितता आणि लढाईतील यश यांसाठी त्यांना आळवले जाते. डोंगर खणणे, झाडे तोडणे, शिकार करणे किंवा झरे विटाळणे यांमुळे ते कोपतात आणि गारपीट वा रोगराई धाडतात, असे मानतात. बौद्ध परंपरा त्यांना ‘जिग्तेनपा’ म्हणजे लौकिक देवांत गणते. त्यांची मदत मागावी, परंतु त्यांना शरण जाऊ नये, कारण तेही संसारचक्रातच अडकलेले आहेत, अशी तिची शिकवण आहे.

यूल-ल्हा आणि नेरी

तिबेटी संस्कृतीत पवित्र पर्वतांचे दोन प्रकार दिसतात. यूल-ल्हा हा एका मुलखाचा देव असतो. त्याची पूजा त्या मुलखाचे रहिवासी करतात. नेरी हा तीर्थपर्वत असून तेथे दूरदूरचे यात्रेकरू प्रदक्षिणेसाठी येतात. कैलास हा नेरी असून त्याची प्रदक्षिणा सुमारे ५२ किलोमीटरची आहे. ही सीमारेषा मात्र पक्की नाही. आम्न्ये माचेन आणि खाममधील कावागार्बो (६,७४० मीटर) हे मुलखाचे देव असूनही तेथे मोठ्या प्रदक्षिणा-यात्रा भरतात.

इतिहास

तिबेटच्या प्राचीन राजवंशाचा यारलुंग खोऱ्यातील यारल्हा शाम्पो या पर्वताशी निकटचा संबंध होता. आठव्या शतकात सम्राट त्रिसोंग देत्सेन याच्या काळात साम्ये हा पहिला बौद्ध मठ उभारला गेला. त्या कामात अडथळे आणणाऱ्या स्थानिक दैवतांना पद्मसंभवांनी नमवले, असे परंपरा सांगते. त्यांनी या दैवतांचा नाश केला नाही. धर्मरक्षणाची शपथ घालून त्यांना बांधून घेतले. न्येन्चेन थांगल्हा याची गणना अशा शपथबद्ध देवांत होते.

उपासना

डोंगराच्या उतारावर किंवा खिंडीत दगडांचा ढीग रचून त्यात लांब लाकडी बाण व भाले रोवतात. त्यास लाब्त्से म्हणतात. वर्षातून एकदा गावातील पुरुष नवे बाण घेऊन तेथे जातात. अनेक ठिकाणी स्त्रियांना लाब्त्सेजवळ जाण्यास मनाई असते. जुनिपर या झुडपाच्या डहाळ्या, सातूचे पीठ व लोणी जाळून सुगंधी धूर करतात. या विधीला ‘सांग’ असे नाव आहे. वाऱ्याच्या घोड्याचे चित्र असलेले कागद (लुंगता) आकाशात उधळून ‘ल्हा ग्यालो’, म्हणजे ‘देवांचा विजय असो’, असा घोष केला जातो. अम्दोतील रेबकोंग येथे सहाव्या चांद्रमासात लुरोल हा उत्सव होतो. त्यात गावच्या माध्यमाच्या अंगात देवाचे वारे येते.

या पूजेत भिक्षूंपेक्षा गृहस्थांचा वाटा मोठा असतो. सामतेन कारमाय या तिबेटी अभ्यासकाने ही उपासना सामुदायिक अस्मितेचा आधार असल्याचे दाखवून दिले आहे. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात (१९६६–१९७६) चीनमध्ये अशा विधींवर बंदी होती. १९८० च्या दशकात अनेक गावांनी लाब्त्से पुन्हा उभारले.

सिक्कीममधील परंपरा

सिक्कीमचा रक्षक देव द्झोंगा हा कांचनगंगा (८,५८६ मीटर) पर्वतावर वास करतो, अशी श्रद्धा आहे. तिबेटी पंचांगाच्या सातव्या महिन्यातील पौर्णिमेस पांग ल्हाबसोल हा सण साजरा होतो. भुतिया पूर्वज ख्ये बुम्सा आणि लेपचा प्रमुख थेकोंग तेक यांनी काबी येथे घेतलेल्या बंधुत्वाच्या शपथेला हा देव साक्षी होता, असे मानले जाते. त्यामुळे हा सण दोन समाजांतील कराराचेही स्मरण आहे.

गिर्यारोहण आणि विकासप्रकल्प

पर्वत हा मुलखाचा धनी असल्यामुळे त्याच्या माथ्यावर पाऊल ठेवणे हा अपमान समजला जातो. २५ मे १९५५ रोजी कांचनगंगेवर प्रथम चढाई करणारे ब्रिटिश गिर्यारोहक सिक्कीमच्या राजाला दिलेल्या वचनानुसार शिखरबिंदूच्या थोडे खाली थांबले. जानेवारी १९९१ मध्ये कावागार्बोवरील हिमस्खलनात चिनी-जपानी मोहिमेतील १७ जण मृत्युमुखी पडले. स्थानिकांनी त्यास देवाच्या कोपाचे फळ मानले. २००१ मध्ये तेथे गिर्यारोहणास बंदी घालण्यात आली. भूतानने १९९४ मध्ये ६,००० मीटरहून उंच शिखरांवरील आणि २००३ मध्ये सर्वच गिर्यारोहणावर बंदी घातली.

हा प्रश्न शिखरांपुरता मर्यादित नाही. युकसोमजवळील राथोंग छू जलविद्युत प्रकल्प पवित्र भूमीला बाधा आणतो, असा आक्षेप भुतिया-लेपचा समाजाने घेतला आणि १९९७ मध्ये सिक्कीम सरकारने तो रद्द केला. कांचनगंगा राष्ट्रीय उद्यानाला २०१६ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसास्थळाचा दर्जा दिला. नैसर्गिक आणि सांस्कृतिक अशा संमिश्र गटातील ते भारतातील पहिले स्थळ असून, पर्वताविषयीच्या स्थानिक श्रद्धांचाही या निवडीत विचार झाला.