उंदीर पडला की

आमच्या घरात पणजीचे वय सालात सांगत नसत. ती 'झोपडीत जन्मली' एवढेच सांगत आणि ऐकणाऱ्याला साल कळत असे. झोपडीत म्हणजे दारिद्र्यात नव्हे. घर चांगले दोन चौकांचे होते, पण त्या घरात उंदीर पडला होता आणि सगळे कुटुंब धान्याची पोती, गाई आणि देव्हारा घेऊन गावाबाहेरच्या माळावर, कडब्याच्या आणि तट्ट्यांच्या आडोशाला राहायला गेले होते. पणजी तिथे जन्मली, म्हणून ती प्लेगातली.

'उंदीर पडणे' हा वाक्प्रयोग आता कानांवर येत नाही. उंदीर मरतो, सापडतो, पळतो, पडत नाही. त्या काळी मात्र तो खरोखरच पडे. कौलांखालच्या वाशांवरून, आढ्यावरून, माळ्याच्या फटीतून भर दिवसा खाली येई, माणसांची भीडभाड न ठेवता झोकांड्या खात चार हात चाले आणि ओसरीवरच मरे. असा एक उंदीर दिसला की शहाणी बाई चूल विझवी आणि बांधाबांध सुरू करी. हा शहाणपणा कुठून आला होता, सरकारला तो का पटला नाही आणि विज्ञानाला त्याची खूण पटायला किती वर्षे लागली, हा या लेखाचा विषय आहे. घर कीडमुंगीपासून मोकळे ठेवणे ही आपण अगदी खाजगी, बायकांच्या राज्यातली गोष्ट समजतो. महाराष्ट्रात या गोष्टीवरून कायदे झाले, खून पडले आणि राज्यकर्ते हादरले.

उंदीर हे राज्यावरचे संकट आहे, ही कल्पना काही इंग्रजांची नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आग, पूर, रोगराई, दुष्काळ यांच्या पंक्तीला उंदीर बसवलेले आहेत. उपायही फार व्यवहारी आहेत. मांजरे आणि मुंगसे मोकळी सोडावीत, ती पकडणाऱ्याला किंवा मारणाऱ्याला बारा पण दंड करावा, निवडुंगवर्गीय झाडाचा चीक लावलेले धान्य पेरून ठेवावे, वाटल्यास 'मूषककर' बसवावा. आणि एवढे करून पर्वकाळी उंदरांची पूजाही करवावी. विष आणि पूजा एकाच प्रकरणात! गणपतीच्या पायाशी उंदीर बसवून त्याच रात्री माळ्यावर सापळा लावणाऱ्या आपल्या घरांना यात काही विसंगत वाटू नये.

घराघरांतली व्यवस्था ऋतूंना बांधलेली होती. वैशाखात वर्षाचे धान्य उन्हात पडे, खाटा अंगणात उभ्या केल्या जात, त्यांच्या सांध्यांत उकळते पाणी ओतून ढेकूण मारले जात. धान्यात कडुलिंबाचा किंवा निरगुडीचा पाला, कडधान्यात राख, डाळीला एरंडेलाचा हात. देशावर पेवे होती. जमिनीत खोल खणलेल्या, तोंड लिंपून बंद केलेल्या या कोठारांत धान्य स्वतःच्याच श्वासाने हवेतला प्राणवायू संपवी आणि कीड गुदमरून मरे. पेव उघडल्यावर लगेच माणूस उतरवत नसत, आधी दिवा सोडून पाहत. दिवा विझला तर थांबत. भिंतीतल्या बळदाला किंवा घरातल्या कणगीला ही सोय नव्हती. तिथे सोंडे आणि पोरकिडे होतेच, आणि धान्य तिथे उंदीर हा न्याय तर जगभर सारखा. पावसाळा सरला की ओल धरलेल्या भिंती पोपडे काढून सारवल्या जात, जुनेपाने बाहेर निघे आणि दिवाळीच्या तोंडावर घराचा कोपरान् कोपरा एकदा तरी माणसाच्या डोळ्यांखालून जाई. या सगळ्यातला 'डोळ्यांखालून जाणे' हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. औषधे नंतर पुष्कळ आली.

मुंबईत मात्र ही व्यवस्था मोडली होती. मांडवी बंदराच्या मागचा भाग म्हणजे खाली धान्याची वखार आणि वर माणसांचे बिऱ्हाड. अंगण नाही, ऊन नाही, खाट उभी करायला जागा नाही. याच मांडवीत सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. धान्याच्या वखारींत उंदीर मेल्याची कुजबुज होतीच. पुढच्या काही महिन्यांत साडेआठ लाखांच्या आसपास वस्तीच्या या शहरातली जवळजवळ निम्मी माणसे बाहेर पडली. इंग्रजी कागदपत्रांत या पळापळीला घबराट म्हटले आहे. घबराट होतीच. पण 'उंदीर पडला की घर सोड' हा जुना नियमही त्यात होता. हिमालयाच्या पायथ्याशी गढवाल-कुमाऊँत 'महामारी' येई तेव्हा उंदीर मरताना दिसताच तिथले लोक गाव रिकामे करत, हे एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज डॉक्टरांनीच लिहून ठेवले होते. ते कुणी वाचले नाही, किंवा वाचूनही अडाण्यांची चाल म्हणून बाजूला ठेवले.

सरकारचा सिद्धान्त वेगळा होता. रोग घाणीत आहे, भिंतीत आहे, जमिनीत आहे, कपड्यांत आहे, आणि मुख्य म्हणजे माणसात आहे. म्हणून गटारांत समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक सोडले गेले, घरे चुन्याने धुतली गेली, उजेड यावा म्हणून कौले काढली गेली, जमिनी उकरल्या गेल्या, अंथरुणे जाळली गेली. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर 'यू. एच. एच.' अशी अक्षरे रंगवली जात. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा आला आणि कुणाच्याही घरात शिरण्याचा अधिकार सरकारला मिळाला. पुण्यात रँडसाहेबाच्या प्लेग कमिटीने गोऱ्या शिपायांकरवी जी घरझडती चालवली तिचा इतिहास सांगण्याची गरज नाही. स्वयंपाकघर, देवघर, माजघर, काही शिल्लक राहिले नाही. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी त्याला उत्तर दिले. त्याच साली १० मार्चला सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करता करता प्लेगानेच गेल्या. पहिल्या घटनेवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले, दुसरीवर फार उशिरा.

या सगळ्या धुलाईत कुणाच्या लक्षात न आलेली गोष्ट अशी, की गटारात पाणी सोडले आणि जमीन उकरली की उंदीर शेजारच्या घरात जातो. आणि कार्बोलिकने जंतू मेला तरी पिसू मरत नाही.

पिसवेचे नाव पहिल्यांदा ठामपणे घेतले ते पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने. पाश्चर संस्थेने त्याला प्लेगच्या कामासाठी हिंदुस्थानात पाठवले होते. काही रोग्यांच्या अंगावर एक बारीकसा फोड असतो आणि त्याच्या जवळचीच गाठ सुजते, हे त्याने हेरले होते. हा चावा असणार असा त्याचा तर्क. कराचीत जून १८९८ मध्ये त्याने काचेच्या मोठ्या बरणीत एक आजारी, पिसवांनी भरलेला उंदीर ठेवला आणि जाळीपलीकडे एक निरोगी उंदीर. दोघांचा स्पर्श होत नव्हता, पिसवा मात्र जाळीतून जाऊ शकत होत्या. आजारी उंदीर मेला आणि काही दिवसांत निरोगीही प्लेगाने मेला. साधा, सुरेख प्रयोग. पण जवळजवळ कुणीही तो मानला नाही. सरकारी डॉक्टर भिंती धूत राहिले.

तो पुन्हा उभा केला मुंबईत, परळच्या प्रयोगशाळेने. हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये स्वतःला टोचून पाहिलेली लस आणि तिच्याभोवती वाढलेली ही संस्था, आजची हाफकिन इन्स्टिट्यूट. तिथल्या ग्लेन लिस्टन या डॉक्टराने उंदीर मेलेल्या चाळींत गिनीपिग मोकळे सोडले. थोड्याच वेळात त्यांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा गोळा झाल्या. यजमान मेला होता आणि उपाशी पिसवा मिळेल त्या गरम अंगाकडे धावत होत्या. माणसाचे अंग हे त्यांच्या दृष्टीने दुय्यम प्रतीचे अन्न, नाइलाजाचे. १९०५ साली नेमलेल्या प्लेग संशोधन मंडळाने परळला मुद्दाम लहान लहान खोल्या बांधून हे काम पुढे नेले. पिसवांनी भरलेल्या खोलीत जमिनीलगत ठेवलेल्या पिंजऱ्यातली जनावरे मेली. तसाच पिंजरा दोन फूट उंच टांगला तर त्यातली जगली, कारण ही पिसू चार-पाच इंचांच्या वर उडी मारत नाही. हवा तीच, खोली तीच, 'दूषित' जमीन तीच. ज्या सिद्धान्तावर पुण्यात देवघरे उकरली गेली तो दोन फूट उंचीवर टांगलेल्या पिंजऱ्याने संपला.

या मंडळाने मुंबईभरातले उंदीर गोळा करून, कुठल्या घरातून आला याची चिठ्ठी बांधून, वर्षभरात लाखाहून अधिक उंदीर फाडून तपासले. त्यातून क्रम स्पष्ट झाला. आधी गटारातला करडा उंदीर मरतो. साधारण दहा दिवसांनी कौलातला, माळ्यावरचा काळा घरउंदीर. त्यानंतर दहा-बारा दिवसांनी माणूस. म्हणजे माळ्यावरून उंदीर पडला की घरातल्या माणसांना जेमतेम एक पंधरवडा मिळतो. पणजीच्या आईने चूल विझवली ती या पंधरवड्यात.

मंडळाच्या आकड्यांत ऋतूंचे एक कोडेही सापडते. मुंबईत साथ फेब्रुवारी-मार्चात चढे. पुण्यात मात्र पावसाळ्याच्या उत्तरार्धात वाढून ऑक्टोबरच्या सुमारास, म्हणजे ऐन दसरा-दिवाळीत कळसाला जाई आणि वैशाखात दोन्हीकडे ओसरे. पुढे १९१४ साली बेकट आणि मार्टिन यांनी याचे एक कारण दाखवले. प्लेगचे जंतू पिसवेच्या अन्नमार्गात वाढून बोळा बसवतात. रक्त पोटात जात नाही, भुकेलेली पिसू पुन्हा पुन्हा चावते आणि प्रत्येक चाव्यात जंतू ओकते. हवा २७-२८ अंश सेल्सियसच्या वर गेली की तो बोळा सुटतो. कडक, कोरड्या उन्हात पिसवाही कमी जगतात. वैशाखात घर उन्हात उलटे करण्याच्या चालीमागे हे ज्ञान होते असे म्हणण्याचा मोह होतो. तो मी आवरतो. ऊन ढेकणांसाठी आणि सोंड्यांसाठीच होते. पण त्याने धान्याखाली लपलेली बिळे उघडी पडत, हेही खरे. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मासिक मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला तो १९०९ साली. त्याच्या दोनच वर्षे आधी, १९०७ या एका सालात, देशात प्लेगाने दहा लाखांहून अधिक माणसे मेली होती. त्या अंकाच्या पुण्यातल्या काही वाचकांनी तो माळावरच्या झोपडीत वाचला असेल, असे मला राहून राहून वाटते.

कारण कळल्यावर उपाय सोपा वाटला: उंदीर मारा. नगरपालिकांनी सापळे वाटले, उंदरामागे पैसे दिले. अडचण निघाली ती मनाची. मांडवीतले अनेक व्यापारी जीवहत्येला तयार नव्हते. सापळ्यात सापडलेला उंदीर दुसऱ्या गल्लीत नेऊन सोडणे हा त्यांनी काढलेला मध्यममार्ग, आणि तो आजही आपल्यापैकी पुष्कळजण इमानेइतबारे पाळतात. या कोंडीतून एक वाट दाखवली ती वऱ्हाडातून. अमरावतीचा सिव्हिल सर्जन अँड्र्यू बुकॅनन याने गावोगावची मांजरे मोजली. ज्या गावांत घरोघर मांजरे आहेत तिथे प्लेग कमी, हा त्याचा निष्कर्ष त्याने १९०८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडला. साहेबी वैद्यक बारा वर्षे फिरून पुन्हा कौटिल्याच्या मांजरापाशी आले होते. मांजर मारण्याचे पाप पोथ्यांत एवढे मोठे का सांगितले असावे, याचे उत्तर बुकॅननच्या मोजणीत आहे असे माझे मत आहे. पुरावा मागाल तर नाही. मुंबई महापालिकेने मात्र माणसेच नेमली. 'मूषक संहारक' हे पद अजून आहे. काठी आणि विजेरी घेऊन रात्री बाहेर पडायचे आणि पहाटेपर्यंत तीस उंदीर मारून हजर करायचे, असा त्यांचा दंडक.

प्लेग ओसरला तो यातल्या नेमक्या कशाने, यावर एकमत नाही. एक कारण खुद्द उंदरांत होते. मुंबईच्या उंदरांना आणि प्लेग फारसा न झालेल्या मद्रासच्या उंदरांना सारखेच जंतू टोचले, तेव्हा मद्रासचे भराभर मेले आणि मुंबईचे पुष्कळसे तगले. जे मरायचे ते मरून गेले होते, उरलेल्यांची प्रजा चिवट होती.

हाच धडा डीडीटीने पुन्हा शिकवला. मुंबई इलाख्यात १९४६ मध्ये कारवार-धारवाडकडे डॉ. विश्वनाथन यांनी हिवतापाविरुद्ध तिची फवारणी सुरू केली. १९५३ पासून ती देशभर झाली. भिंतींवर पांढरे डाग उठवणारी ही फवारणी लोकांनी पहिल्या वर्षी आनंदाने करून घेतली, कारण डासांबरोबर ढेकूण आणि पिसवाही मेल्या. पण हवाई बेटांवर १९४७ सालीच डीडीटीला न जुमानणारे ढेकूण सापडले होते, आणि लवकरच ते आपल्याकडेही दिसू लागले. मग फवारणीवाल्यांना दार उघडेना. त्यातून दुसरी गंमत अशी, की भिंतीवरचे औषध महिनोनमहिने टिकावे म्हणून कर्मचारी 'सारवू नका' सांगत आणि घरची बाई दिवाळी आली की भिंत सारवून टाकी. दोघांनाही घर निर्मळच ठेवायचे होते.

प्लेग संपला असे धरून आपण निश्चिंत झालो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. बीड जिल्ह्यातल्या मामला गावच्या लोकांनीही भीतीने दगडमातीची घरे सोडली आणि ते बाहेरच्या तात्पुरत्या निवाऱ्यांत राहू लागले. जागेच्या अडचणीमुळे धान्य मात्र जुन्या घरांतच राहिले. चूल नाही, वावर नाही, सारवण नाही, मांजरही माणसांमागे गेलेले. बंद घरांत उंदरांचे फावले. ऑगस्ट १९९४ मध्ये मामल्याच्या लोकांनी तक्रार केली ती पिसवांची. रात्री झोपू देत नाहीत म्हणून. मग उंदीर मरून पडू लागल्याचे सांगितले. सप्टेंबरात गाठी आलेले तापाचे रोगी दिसू लागले आणि त्याच महिन्यात सुरतेहून लोक गाड्या भरभरून पळाले तेव्हा सगळ्या जगाची नजर तिकडे वळली. मामल्यातल्या ज्या म्हाताऱ्यांनी पडलेले उंदीर पाहून घरच्यांना जुन्या घरांकडे जाऊ नका म्हटले असेल, त्यांना तो शब्द आपल्या आज्यांकडूनच मिळालेला असणार.